हवा गेली तर काय?

हा आवाज तुम्ही रोज ऐकता. बस स्टॉपवर थांबते, दरवाजा उघडताना ‘फुस्स’ होतं. गाडी फलाटाला लागते, डब्याखालून ‘फुस्स’ होतं. दाताच्या डॉक्टरकडची खुर्ची, टायरवाल्याचं ते चाक उघडायचं मशीन, बिस्किटाच्या कारखान्याचा यूट्यूबवरचा व्हिडिओ, सगळीकडे तेच. हे ‘फुस्स’ म्हणजे काम संपवून बाहेर पडलेली हवा. तिने आत बहुतेक वेळा एकच काम केलेलं असतं : एका नळकांड्यातला दट्ट्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलणं.

त्या नळकांड्याला न्यूमॅटिक सिलिंडर म्हणतात. मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा मेकॅट्रॉनिक्सवाल्यांनी ‘हायड्रॉलिक्स अँड न्यूमॅटिक्स’च्या पेपरात त्याची आकृती काढलेली असते. फ्लुइडसिमवर सर्किट जोडून तो पुढे-मागे पळवलेलाही असतो. स्क्रीनवर तो नेहमी चालतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये खराखुरा विकत आणून बसवला, की मात्र तो अडकतो, आपटतो, किंवा सबमिशनच्या आदल्या रात्री अर्ध्यावर थांबून राहतो.

मी मास कॉमची. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध बातम्यांपुरताच. पण या पानासाठी भोसरीतल्या दोन-तीन वर्कशॉपमध्ये फिरले. तिथे एसपीएम बनवतात, म्हणजे एकाच कामासाठी खास बांधलेली मशीनं. असल्या जागी कॉलेजची पोरं हमखास भेटतात, कुणी इंटर्नशिपला आलेलं, कुणी प्रोजेक्टसाठी उसना व्हॉल्व्ह मागायला. एका वर्कशॉपच्या काकांनी मला पहिलाच प्रश्न टाकला, “अगं, सिलिंडर कसा निवडतात माहितीये?” मी म्हटलं, “वजन बघून?” ते हसले. म्हणाले, “सगळे तिथनंच सुरुवात करतात.”

मग तिथूनच सुरुवात करू. समजा, तुमचा प्रोजेक्ट आहे आंब्याच्या पॅकिंग लाइनचा. भरलेली पेटी खालच्या पट्ट्यावरून वरच्या पट्ट्यावर न्यायची आहे. पेटी २० किलोची, तिच्याखालचं टेबल १० किलोचं. उचलायचे ३० किलो, उंची ३०० मिलिमीटर.

इथे एक फरक लक्षात घ्या. हीच पेटी आडवी ढकलायची असती, तर २० किलोला २० किलो जोर लागला नसता. फक्त घर्षणाशी भांडायचं असतं, म्हणजे पृष्ठभाग कसा आहे त्यावर सहा-आठ किलोत काम झालं असतं. उचलताना मात्र अख्खं वजन अंगावर येतं, आणि ते हलवायला वर थोडं जास्तच लागतं.

आता जोर कुठून येतो ते बघा. कारखान्यातल्या पाइपात हवा साधारण सहा बार दाबाची असते. शॉपफ्लोअरवर बार कुणी म्हणत नाही. ‘हवा किती आहे?’, ‘सहा किलो’ असं बोलतात. अर्थ असा, की दर चौरस सेंटिमीटरवर सहा किलोचा जोर. सिलिंडरच्या आतला व्यास, ज्याला बोअर म्हणतात, तो ३२ मिमी असेल तर दट्ट्याचं क्षेत्रफळ आठ चौरस सेंटिमीटर. आठ सक अठ्ठेचाळीस. म्हणजे ४८ किलो जोर. चाळीसच्या बोअरला ७५ किलो, पन्नासला ११८. बोअर थोडाच वाढतो, पण जोर भराभर चढतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. आठवीचं गणित आहे, आणि इथे ते खरंच उपयोगी पडतं.

तर ३० किलो उचलायचे आहेत, ३२ बोअर ४८ किलो देतो. पुरे की! कागदावर पुरे. बहुतेक प्रोजेक्ट ग्रुप इथेच ऑर्डर देऊन मोकळे होतात.

आता दुपारचे चार वाजलेत. शेजारच्या मशीनवर कुणीतरी एअर गनने जॉब साफ करतोय, पलीकडे ग्राइंडर चालू आहे, कॉम्प्रेसर एकच. तुमच्या मशीनपाशी हवा सहावरून साडेचार किलोवर आलीय. ३२ चा जोर उरला ३६ किलो. त्यातला दहा टक्के आतल्या सीलच्या घर्षणात गेला. हातात राहिले साडेबत्तीस. वर नेमके ३० किलो बसलेले. सिलिंडर आता उचलत नाही, कण्हतो. टेबल इंचाइंचाने वर जातं, मध्येच थबकतं, मग झटका देऊन पुढे सरकतं. एक्स्टर्नल समोर उभे असतील तर हे नक्कीच होतं, असा काकांचा अनुभव.

म्हणून नियम असा, की जेवढा जोर लागणार त्याच्या जवळजवळ दुप्पट जोराचा सिलिंडर घ्यायचा. सावकाश हलणाऱ्या किंवा नुसता दाबून धरणाऱ्या कामात भार सिलिंडरच्या ताकदीच्या ७० टक्क्यांपर्यंत गेला तरी चालतं. भराभर हलवायचं असेल तर ५० टक्क्यांच्या आतच. कारण नुसतं वजन पेलायचं नसतं, त्याला वेगही द्यायचा असतो, आणि त्याच वेळी पलीकडच्या बाजूची हवा बाहेर ढकलायची असते. आपल्या ३० किलोंना ६० किलो हवेत. म्हणजे ४० चा बोअर. हवा साडेचारवर आली तरी तो ५६ किलो देतो.

मग थेट ६३ चाच का घेऊ नये? रिस्कच नको! हा मोह सगळ्यांना होतो. हिशोब करू. ४० बोअर आणि ३०० स्ट्रोकचा सिलिंडर एकदा वर-खाली होताना सुमारे पाच लिटर हवा खातो. ही मोकळी हवा, म्हणजे कॉम्प्रेसर आत ओढतो ती. ६३ चा तेवढ्याच हालचालीला साडेबारा लिटरच्या आसपास खातो. मिनिटाला दहा वेळा, आठ तासांची शिफ्ट. एकीकडे २४ हजार लिटर, दुसरीकडे जवळपास ६० हजार. पेटी तीच, उंची तीच. आणि दाबाची हवा फुकट नसते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बराचसा भाग उष्णता होऊन जातो. कारखान्यातली सगळ्यात महागडी शक्ती हीच, असं तिथे काम करणारे सांगतात ते उगाच नाही.

परतीच्या प्रवासात जोर कमी असतो हेही विसरू नका. दट्ट्याच्या त्या बाजूला दांडा असतो, तो जागा खातो. ‘ओढायचं’ काम असेल तर गणित त्या बाजूचं करा.

सिंगल अ‍ॅक्टिंग घ्यायचा की डबल? सिंगलमध्ये हवा एकाच बाजूने, परत आणायला स्प्रिंग. हवा निम्मी लागते, पण स्प्रिंगमुळे स्ट्रोक छोटा राहतो आणि थोडा जोर स्प्रिंगच खाते. छोट्या क्लॅम्पला, इजेक्टरला मस्त. आपल्या ३०० मिमीच्या लिफ्टला डबलच.

खरेदीला जाल तेव्हा एक नंबर पाठ करून जा : आयएसओ १५५५२. ३२ ते ३२० मिमी बोअरच्या सिलिंडरची बसवायची मापं या मानकाने ठरवून दिली आहेत. म्हणजे जर्मनीच्या फेस्टोचा काढून तिथे जपानच्या एसएमसीचा किंवा कोइमतूरच्या जनाटिक्सचा त्याच बोअर-स्ट्रोकचा बसवता येतो, ब्रॅकेट नवं करावं लागत नाही. ८ ते २५ मिमीच्या छोट्या गोल सिलिंडरसाठी आयएसओ ६४३२. रद्दीतून उचललेला, कुठल्याच मापात न बसणारा सिलिंडर स्वस्त पडतो खरा. पण तो बिघडला की अख्खं मशीन त्याच्यासाठी पुन्हा डिझाइन करत बसावं लागतं.

बसवताना होणारी गंमत

निवड बरोबर झाली तरी निम्मे सिलिंडर बसवताना मरतात. मारेकरी जवळजवळ नेहमी एकच : आडवा भार.

सिलिंडरचा दांडा सरळ ढकलायला आणि ओढायला केलेला असतो. वजन तोलून धरायला नाही. आपल्या लिफ्टमध्ये पेटी टेबलाच्या मधोमधच येईल याची खात्री कोण देणार? ती एका कडेला आली की टेबल कलतं, दांडा वाकायला बघतो, तोंडाशी असलेला बुश एका बाजूने घासला जातो, मग सील फाटतं आणि दांड्याच्या बाजूने हवा सुटायला लागते. हे एका दिवसात दिसत नाही. काही आठवड्यांनी दिसतं, आणि तोपर्यंत ‘कंपनीनं खराब माल दिला’ असं सगळ्यांचं ठरलेलं असतं.

उपाय साधा आहे. टेबलाला दोन किंवा चार गाइड रॉड द्या, लिनिअर बेअरिंगवर. कलण्याचा ताण ते घेतील. सिलिंडर फक्त वर ढकलेल. आणि दांडा टेबलाला थेट घट्ट पिळू नका. मध्ये फ्लोटिंग जॉइंट घाला. तुमच्या ड्रिलिंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक असणारच, तो ती पोटात घालतो. सिलिंडरने ढकललेली वस्तू गोल फिरत असेल, जसं एखादं झाकण बिजागरीवर उघडतं, तर सिलिंडरही मागच्या टोकाला पिनवर झुलता ठेवावा लागतो. दोन्ही टोकं जखडली तर काहीतरी वाकणारच.

बसवल्यावर हवा जोडायच्या आधी एक परीक्षा घ्या. दोन्ही पोर्ट उघडे ठेवून टेबल हाताने वरपासून खालपर्यंत फिरवा. कुठे जड लागतंय? तिथे सेंटर चुकलंय. बोल्ट सैल करा, पुन्हा फिरवा, मग आवळा. पाच मिनिटं लागतात. ही परीक्षा न घेता हवा सोडली, तर चुकलेलं सेंटरही ७५ किलोचा जोर लावून बिनबोभाट चालतं, आणि तुम्हाला कळतच नाही.

आणि कृपा करून दांड्याला पक्कड लावू नका. टोकाशी पान्यासाठी चपटा भाग दिलेला असतो, तिथेच पकडा. चकचकीत दांड्यावर पडलेला एक ओरखडा दर स्ट्रोकला सील कापत राहतो.

नळ्यांचंही तसंच. निळी-काळी पीयू ट्यूब कटरने काटकोनात कापा. कात्रीने तिरकी कापली तर फिटिंगमध्ये नीट बसत नाही आणि सूं-सूं करत राहते. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडा. नाहीतर टेपचा तुकडा सुटून व्हॉल्व्हमध्ये जातो. मग व्हॉल्व्ह का अडकतो हे शोधण्यात तुमचा अख्खा शनिवार जातो. रीड स्विच, म्हणजे दट्ट्या कुठे पोचला हे सांगणारा तो छोटा सेन्सर, दोन वायरचा असेल तर थेट २४ व्होल्टला लावून ‘चालतो का बघू’ करू नका. मध्ये लोड नसेल तर तो त्याच क्षणी जळतो.

वेग कमी करायचा तर कुठली हवा अडवायची, आत येणारी की बाहेर जाणारी? मला वाटलं होतं आत येणारी. नळ बंद करतो तसं. पण हवा दाबली जाते, स्प्रिंगसारखी. आत येणारी अडवली की दट्ट्या थांबून राहतो, दाब साठतो, मग तो एकदम उडी मारतो, पुन्हा थांबतो. बाहेर जाणारी अडवली तर दट्ट्या दोन बाजूंच्या हवेत चेपलेला राहतो आणि एकसारखा सरकतो. म्हणून डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडरवर फ्लो कंट्रोल बहुतेक वेळा बाहेर जाणाऱ्या हवेवर लावतात. व्हॉल्व्हवर बाण असतो, तो बघूनच लावा. शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये वेग मारायला दोन्ही टोकांना कुशनचा स्क्रू असतो. तो पूर्ण उघडा ठेवला की टेबल प्रत्येक वेळी ठाणकन आपटतं. पूर्ण आवळला तर शेवटी चिकटून बसतं. थोडा थोडा फिरवत, कान देऊन लावायचा. हे मॅन्युअल वाचून येत नाही.

पावसाळ्याबद्दल एवढंच सांगते : आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली. तीच दाबून टाकीत भरली की पाणी सुटतं आणि पाइपातून सिलिंडरपर्यंत जातं. मशीनच्या तोंडाशी एफआरएल असतो, फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर. त्याच्या फिल्टरच्या वाटीतलं पाणी रोज काढा. लुब्रिकेटरमध्ये तेल घालायच्या आधी मात्र थांबा. हल्लीचे बरेच सिलिंडर कारखान्यातून ग्रीस भरूनच येतात, त्यांना तेल लागत नाही. एकदा तेल द्यायला लागलात की आतलं ग्रीस धुऊन जातं, आणि मग ते तेल कायम द्यावं लागतं.

गळतीही अशीच, न दिसणारी. तीन मिलिमीटरच्या एका भोकातून सात बारची हवा सुटत राहिली, तर ती भरून काढायला कॉम्प्रेसरची तीन-चार किलोवॉट वीज जाते. मशीनं बंद असताना, जेवणाच्या सुट्टीत, शॉपमध्ये नुसतं उभं राहून ऐका. नंतर साबणाचं पाणी घेऊन आवाजाच्या मागे जा.

आणि आता शीर्षकातला प्रश्न

जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन माणसाने १८६९ मध्ये रेल्वेच्या हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. इंजिनातून पाइपात हवा सोडायची, ती डब्यांखालच्या सिलिंडरमध्ये जाऊन ब्रेक दाबणार. छान चालायचं. अडचण एकच : पाइप फुटला किंवा डबा सुटला तर हवा गेली, आणि हवा गेली तर ब्रेकही गेला. नेमका हवा असतो तेव्हाच. १८७२ मध्ये त्याने ते उलटं करून टाकलं. पाइपात कायम दाब ठेवायचा, प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी, आणि पाइपातला दाब कमी झाला की टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावणार. आता पाइप फुटला तर गाडी थांबते. आपल्या रेल्वेतही ब्रेक पाइपात पाच किलोचा दाब असतो. आपण साखळी ओढतो तेव्हा त्या पाइपातली हवाच सोडून देतो.

हाच प्रश्न तुमच्या प्रोजेक्टला विचारा. टेबल वर आहे, पेटी त्याच्यावर, आणि खाली कुणीतरी वाकून सेन्सर नीट करतंय. नळी निसटली. काय होईल? ३० किलो ३०० मिमीवरून खाली येतील. हाताची बोटं मोडायला एवढं भरपूर आहे.

वीज गेली तर? ते व्हॉल्व्हवर ठरतं. एका सोलेनॉइडचा, स्प्रिंगने परतणारा ५/२ व्हॉल्व्ह वीज गेली की मूळ जागी येतो, म्हणजे टेबल खाली निघतं. दोन सोलेनॉइडचा असेल तर तो शेवटच्या जागीच राहतो. ड्रिलिंगच्या वेळी जॉब पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पला दुसरा बरा. नाहीतर वीज जाते, ड्रिल अजून फिरत असतं, आणि क्लॅम्प जॉब सोडून देतो. कुठला व्हॉल्व्ह स्वस्त आहे यावरून हे ठरवू नका.

लाल बटणाचंही तेच. इमर्जन्सी स्टॉप दाबला की सगळी हवा सोडून द्यायची ही सरधोपट पद्धत आडव्या सिलिंडरला ठीक आहे. उभ्या सिलिंडरला तीच पद्धत लावली, तर जीव वाचवायला दाबलेलं बटण टेबल खाली पाडतं. म्हणून भार उचलणाऱ्या सिलिंडरच्या पोर्टवरच पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह लावतात. नळी तुटली तरी आतली हवा तो कोंडून धरतो. किंवा दांडा पकडणारा रॉड लॉक असलेला सिलिंडर घेतात. तरीही हवा हळूहळू झिरपतेच. त्यामुळे टेबलाखाली हात घालायचा असेल तर आधी लोखंडी टेकू लावायचा. आणि मेन बंद केला म्हणजे दाब गेला असं समजायचं नाही, कारण चेक व्हॉल्व्हच्या पलीकडे सिलिंडरमध्ये तो तसाच कोंडलेला असतो. फिटिंग उघडायच्या आधी भार टेकूवर घ्या, मग ती हवा सावकाश सोडा.

आणखी एक सापळा आहे, त्याचं नाव मी ‘सोमवार सकाळ’ ठेवलंय. दोन दिवस मशीन बंद, सिलिंडर पूर्ण रिकामा. सोमवारी हवा सोडली. मघाशी सांगितलं ना, वेग बाहेर जाणारी हवा अडवून ठरतो? पण पलीकडच्या बाजूला आता हवाच नाही, तर अडवणार काय? दट्ट्या पहिल्या स्ट्रोकला गोळीसारखा सुटतो. फ्लो कंट्रोल नीट लावलेला असूनही. दुसऱ्या स्ट्रोकपासून सगळं शहाण्यासारखं, त्यामुळे पुन्हा करून बघितलं तर चूक सापडत नाही. यासाठी एफआरएलच्या जवळ सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्ह मिळतो, तो हवा हळूहळू भरतो.

तो नसेल तर पहिली चाचणी अशी घ्या. टेबल रिकामं ठेवा, पेटी नको. रेग्युलेटर तीन किलोवर. दोन्ही फ्लो कंट्रोल जवळजवळ बंद. व्हॉल्व्हवर हाताने दाबायचं छोटं बटण असतं, पीएलसी चालू न करता त्यानेच एक स्ट्रोक द्या. बटण दाबणारा सोडून बाकी सगळे दोन पावलं मागे. टेबल सावकाश वर गेलं, सावकाश खाली आलं, की फ्लो कंट्रोल थोडे उघडा. मग पेटी ठेवा आणि दाब सहावर न्या.